जहाजाचा म्हाळ

सई आणि नील,

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी मला एक व्हिडिओ पाठवलात आणि खाली विचारलंत, हे आजोबांचं जहाज आहे का? व्हिडिओत राखाडी रंगाचं एक मोठं, रिकामं जहाज समुद्रात उभं आहे. एक क्षेपणास्त्र येऊन त्याला लागतं. धूर निवळतो आणि जहाज हळूहळू पाण्याखाली जातं.

होय, तेच ते. तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं होतं की आजोबांचं जहाज आता विश्रांती घेतंय. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मी सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले.

दुसरंही कारण आहे. पितृपंधरवडा जवळ आलाय. तासगावचे दत्ताकाका तुम्हाला आठवत असतील, ज्यांनी तुम्हाला बेदाण्याच्या शेडमध्ये हवे तेवढे बेदाणे खाऊ दिले होते. त्यांचा फोन आला होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि मी त्यांना सांगितलं, दोन दिवस द्या. मला काही ठरवायचं असलं की आधी लिहावं लागतं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवल्याची ही खोड.

आधी इंग्रजीतच सुरुवात केली होती, तुम्हाला सोपं जावं म्हणून. पण वाचून पाहिलं तर कुणा परक्या सद्गृहस्थाबद्दल लिहिल्यासारखं वाटलं. आजोबांशी मी इंग्रजीत कधी बोलले नाही, भांडले तर मुळीच नाही. तेव्हा आता मराठीत लिहिते, आणि त्यांच्याशीच बोलते. तुम्ही शेजारी बसून ऐका. कळणार नाही ते बाबाला विचारा.

अहो,

परवा दुपारी जाळीचं दार वाऱ्याने आपटलं आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आधी पहिलं लावा, मग दुसरं उघडा." घरात कोणी नव्हतं. ओट्याशी उभी राहून मी जरा वेळ दाराकडे बघत राहिले. मग जाऊन कडी घातली.

वाक्य तुमचं. नातवंडांना वाटायचं, आजोबा डासांना घाबरतात. तुमच्या जहाजाच्या बॉयलर रूमला एकामागे एक अशी दोन दारं होती, मध्ये एक माणूस उभा राहील एवढीच जागा. आग नीट पेटावी म्हणून आतली हवा मोठाल्या पंख्यांनी दाबून भरलेली असायची. दोन्ही दारं एकदम उघडली तर तो दाब निघून जातो आणि भट्टीतली ज्वाळा बाहेर उभ्या माणसांवर येते. म्हणून पहिलं लावल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. नोकरी संपवून कुंडलला आलात तरी तो नियम तुम्ही सोडला नाहीत. इथे जाळीचं आणि लाकडी अशा दोन दारांच्या आत होतं काय, तर आपली बैठक, तुमची खुर्ची आणि चहाची वेळ.

त्या खऱ्या दोन दारांमधून मी एकदाच गेले आहे. घरच्या मंडळींना जहाजातून समुद्रावर फिरवून आणायचा दिवस होता. आपलं लग्न नुकतं झालेलं. मी साताऱ्याहून आणलेली चांगली साडी नेसून आले होते. तुम्ही म्हणालात, खाली येऊ नकोस, तेल लागेल. मी आले. दुसरं दार उघडलं आणि माझे कान बंद झाले, घाट उतरताना होतात तसे. आत इतका आवाज होता की तुम्ही कानाशी तोंड आणून ओरडलात तेही मला कळलं नाही. तुम्ही मला एका काचेच्या भोकातून भट्टीतली ज्वाळा दाखवलीत. मी ज्वाळेकडे कमी आणि तुमच्याकडे जास्त पाहिलं. घरी तुम्ही पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसायचात. तिथे मात्र तुम्ही घरी होता.

परत आल्यावर सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, "सवत लोखंडाची हाय तुजी. म्हातारी हुईल, पर मरायची न्हाई." त्यांचा अंदाज चुकला. पण त्या हे बघायला राहिल्या नाहीत.

तुमच्या घरात सगळे पायदळातले. वडील, चुलते, आणि तुमचे धाकटे भाऊ बापू सगळ्यांत कडवे. तुम्ही एकटे समुद्रावर गेलात, त्यामुळे बापूंच्या मते तुम्ही खरे मिलिटरीतले नव्हतातच. सुट्टीवर दोघं एकत्र आलात की ते चारचौघांत म्हणायचे, दादा पाण्यात लपून बसतो, गोळी तिथवर पोचत नाही. तुम्ही शांतपणे तंबाखू मळत बसायचात. आवाज चढवायचात नाही. आवाज बॉयलर रूममध्ये खर्च झाला, असं तुमचं म्हणणं. कानही तिथेच ठेवून आलात. पण माझ्याशी वाद घालताना सोयीचं तेवढं सगळं ऐकू यायचं.

नातवंडांना जहाजाचा इतिहास हवा असेल, तर तो सांगणारे तुम्हीच. मी तुमच्याकडून जेवढं उचललं, तेवढं सांगू शकते. मुंबईच्या गोदीत ते बांधून होत होतं, तेव्हाच तुमची नेमणूक झाली होती. अजून रंगही नव्हता, सगळीकडे तारा लोंबत होत्या. तुम्ही पाइपांमधून रांगत फिरायचात आणि कोणती नळी कुठे जाते ते पाठ करायचात. पहिल्यांदा बॉयलर पेटवला तेव्हा पेटवणाऱ्यांत तुम्ही होता. जहाज नौदलात दाखल झालं त्या दिवशी मोठमोठी माणसं आली, बँड वाजला, नारळ फुटला. तुम्ही खाली वाफ धरून बसला होता. वर झेंडा चढला हे तुम्हाला कर्ण्यावरून कळलं.

सगळंच तुम्हाला कर्ण्यावरून कळलं. ही गोष्ट गावाला कधी पटली नाही. तुमचं जहाज क्षेपणास्त्रांचं. सुट्टीवर आलात की पोरं विचारायची, क्षेपणास्त्र कसं उडतं, किती लांब जातं, आवाज कसा येतो. तुम्ही म्हणायचात, दत्ताला विचारा. लोकांना वाटायचं, गुप्त असणार, म्हणून सांगत नाहीत. गुप्त वगैरे काही नव्हतं. तुम्ही कधी पाहिलंच नव्हतं. दत्ता भाऊजी वर, क्षेपणास्त्रांपाशी. तुम्ही खाली, दोन दारांच्या आत. क्षेपणास्त्र सुटलं की तुमच्या पायाखालची लोखंडी जाळी थरथरायची, तेवढ्यावरून तुम्ही ओळखायचात. दत्ता भाऊजी नंतर खाली येऊन चिडवायचे, "चीफ, तुमी खाली वाफ करा, आमी वर दिवाळी करतो." एवढ्या नोकरीत तुम्ही एकही क्षेपणास्त्र उडताना पाहिलं नाहीत, आणि त्याचं तुम्हाला काही वाटतही नव्हतं.

तुम्हाला अभिमान होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. एकदा किनाऱ्यावर मोठं वादळ होऊन गेलं. विहिरींत समुद्राचं पाणी शिरलं. तुमचं जहाज तिथे पाठवलं. तांदूळ उतरला, औषधं उतरली, आणि मग गावंच्या गावं प्यायला पाणी मागू लागली. वाफेवर समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र तुमच्या ताब्यात होतं. ते जहाजापुरतं बनवलेलं, पण तुम्ही लोकांनी ते दिवसरात्र चालवलंत, स्वतः घोटभर पाण्यावर राहिलात आणि होड्यांमधून पिंपं भरभरून पाठवलीत. हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की शेवटी शेवटी मी ऐकता ऐकता भाजी निवडायचे. युद्धनौकेची गोष्ट सांगा म्हटलं की तुम्ही नळाची गोष्ट सांगायचात.

तुमचा मुलगा जन्मला तेव्हा तुम्ही कोणत्या समुद्रात होता ते मला आजवर माहीत नाही. विचारलं की म्हणायचात, सांगता येत नाही. आता सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? कर्ण्यावरून सगळ्या जहाजाला बातमी दिली आणि स्वयंपाक्याने शिरा केला, एवढंच तुम्ही सांगितलंत. मी साताऱ्याला माहेरी. बाळ रडत होतं, आणि कुठल्याशा समुद्रात शंभरेक माणसं त्याच्या नावाने शिरा खात होती. तेव्हा राग यायचा. आता त्या शिऱ्याबद्दल मला बरं वाटतं. हेही तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुमच्या माणसांनी तुम्हाला एक पितळी चाक दिलं. गोड्या पाण्याचं जुनं यंत्र बदललं, भंगारात निघालं, त्याच्या व्हॉल्व्हचं चाक. वरिष्ठांची रीतसर परवानगी घेऊन, घासूनपुसून, शिसवी फळीवर बसवून दिलेलं. बैठकीत टांगण्यासारखी देखणी वस्तू होती. मी जागाही काढून ठेवली. तुम्ही काय केलंत? पंधरा दिवसांत फळी काढलीत, कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून दांडा बदलून आणलात आणि ते चाक गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला बसवून टाकलंत. मी म्हटलं, अहो, ती आठवण म्हणून दिलेली वस्तू आहे. तुम्ही म्हणालात, "भितीवर टांगल्यालं चाक कुनी फिरवतं का?" फळी अजून माळ्यावर आहे.

चाक कसं फिरवायचं तेही तुम्ही सगळ्यांना शिकवलंत, मला, बापूंच्या सुनेला, सुट्टीत आलेल्या नातवंडांना. पूर्ण उघडायचं आणि मग थोडं मागे घ्यायचं. अगदी शेवटपर्यंत ताणून ठेवलं तर ते तिथेच जाम होतं, आणि पुढच्या माणसाला कळत नाही की उघडं आहे की बंद. नीलने विचारलं होतं, पुढचा माणूस कोण? तुम्ही म्हणालात, असतो कोणीतरी.

निवृत्तीनंतर तुम्ही साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेलात, पण कान जहाजाकडेच होते. ते अजून पळतंय, त्याची डागडुजी झाली, ते परदेशात जाऊन आलं, सगळ्या खबरा दत्ता भाऊजींकडून यायच्या. मग एक दिवस ते नौदलातून काढणार असल्याचं कळलं. तुम्ही दोघं मुंबईला गेलात. सूर्य मावळताना झेंडा उतरवला, तेव्हा धक्क्यावर उभे राहून तुम्ही तो पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलात.

त्यानंतरची ती दुपार. दत्ता भाऊजी तासगावहून मोटारसायकलवर आले. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस, एरवी ते बांध सोडत नाहीत. त्यांनी चप्पल न काढता ओसरीवर बसून खिशातून फोन काढला आणि तुमच्यापुढे धरला. मी दारात उभी होते. मला फोन दिसत नव्हता, तुमचा चेहरा दिसत होता. तुम्ही आयुष्यात पाहिलेलं पहिलं क्षेपणास्त्र ते. तेही तुमच्या जहाजावर येणारं, आणि सोडणारेही आपलेच. नव्या जहाजांच्या सरावासाठी जुन्या जहाजाला लक्ष्य केलं होतं.

दत्ता भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्ही क्षेपणास्त्राकडे पाहतच नव्हतात. तुम्ही पाहत होता, जहाज बुडायला किती वेळ घेतंय ते. बोट स्क्रीनवर ठेवून तुम्ही म्हणालात, "हितं बघ दत्ता. बॉयलर रूमची भित्त. अजून धरलंय तिनं." आणि ते पाण्याखाली गेल्यावर, "लय वेळ धरलं गड्या."

मग तुम्ही उठलात, परसातल्या नळाखाली गेलात आणि अंगावरच्या कपड्यांनिशी बादलीमागून बादली डोक्यावर ओतून घेतलीत.

अशी आंघोळ आपल्याकडे केव्हा करतात हे मला ठाऊक होतं. लांबच्या नातलगाची बातमी आली की करतात. मी धावत बाहेर आले आणि विचारलं, "कोण गेलं?"

"जहाज," तुम्ही म्हणालात.

मला आधी सुटल्यासारखं झालं, आणि लगेच राग आला. मला वाटलं होतं, आपल्या माणसांपैकी कुणीतरी गेलं.

इथून आपला वाद सुरू झाला. भाद्रपदात तुम्ही म्हणालात, सर्वपित्री अमावास्येला जहाजाचा म्हाळ घालायचा. नातवंडांसाठी सांगते, आपल्या भागात पितृपंधरवड्यात प्रत्येक घर आपल्या गेलेल्या माणसांच्या नावाने जेवण घालतं, त्याला म्हाळ म्हणतात. एक पान गेलेल्यांचं वाढून गच्चीवर कावळ्यांसाठी ठेवायचं आणि मग बोलावलेल्यांनी जेवायचं. तेव्हा मी म्हटलं, म्हाळ पितरांचा असतो आणि पितर आपल्या कुळातले असतात. लोखंडाला कूळ नसतं. तुम्ही ऐकू न आल्यासारखं केलंत. मी पुन्हा म्हटलं, जहाज आपल्या कुळातलं नाही.

त्यावर तुम्ही जे बोललात ते मी विसरले नाही. "आईच्या पोटात नऊ म्हैनं हुतो. हिच्या पोटात किती वरसं हुतो, तूच मोज."

मला पटलं नाही. वडे मीच तळले.

पहिल्या वर्षी बापूंनी तुमची पुरती टर उडवली. त्यांच्या पलटणीचा एक जुना ट्रक होता, बर्फात कितीदा तरी त्यांचा जीव वाचवलेला. ते म्हणाले, "आमी तिला भंगारात दिली आन् च्या पिऊन घरी आलो. म्हाळ न्हाई घातला." मग पानाकडे बघून, "दादा, आवं खीर काय करायची त्याला? वाटीभर डिझेल ठेवा." गेलेल्याला जे आवडायचं ते पानावर ठेवायचं, हा रिवाज. जहाजाला काय आवडत होतं हा प्रश्न खरोखरच पडला होता. तुम्ही गच्चीवर गेलात, ते चाक फिरवलंत, टाकीतून तांब्याभर पाणी घेतलंत आणि फुलपात्र भरून पानाशेजारी ठेवलंत. म्हणालात, जन्म खाऱ्यात गेला तिचा.

त्या दिवशी दत्ता भाऊजी आले होते, आणि आणखी चारपाच जण. कुणी साताऱ्याकडचे, कुणी मिरजेच्या पलीकडचे, सगळे त्याच जहाजावरचे. जेवणं झाल्यावर ते ओसरीवर बसले आणि एकमेकांशी इतक्या मोठ्याने बोलू लागले की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. भांडण नव्हतं. सगळ्यांचेच कान जहाजाने खाल्ले होते. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले, आणि त्याच्या पुढच्याही. एका वर्षी त्यांतला एक आला नाही. तेव्हा तुम्ही जहाजाच्या पानावर एक वडा जास्त ठेवलात आणि कुणाला काही सांगितलं नाहीत.

आपला वाद मात्र दर वर्षी नव्याने व्हायचा. म्हाळाचा एक, आणि जहाज बुडवण्याचा दुसरा. मी म्हणायचे, चांगलं पोलाद समुद्रात घालवलं. कुपवाडला भंगार वितळवून पंप करतात. तुमच्या जहाजाचे पंप झाले असते तर कुणाच्या शेतात पाणी चढलं असतं. तुम्ही म्हणायचात, आणि नव्या पोरांनी नेम कशावर धरायचा, पुठ्ठ्यावर? मी म्हणायचे, ज्यांना सांभाळलं त्यांनीच मारलं. त्यावर तुम्ही गप्प बसायचात. ते गप्प बसणं म्हणजे माझं पटलं असं होतं, की मला काहीच कळत नाही असं होतं, हे मला विचारायचं होतं. गेल्या वर्षी अमावास्येला भांडी आवरताना विचारणारच होते. तुम्ही दत्ता भाऊजींना फाट्यापर्यंत सोडायला गेलात आणि ते राहून गेलं.

आषाढात तुम्ही गेलात. चहा मागितलात, मी करून आणला, तोवर खुर्चीत तुम्ही नव्हता. मला वाटलं, झोपलात. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

दहाव्याला आम्ही सगळे कृष्णेवर होतो. पिंड ठेवला. कावळा शिवला नाही तर घरच्यांनी पुढे होऊन गेलेल्याला शब्द द्यायचा असतो, तुमचं अमुक राहिलं असेल तर ते आम्ही करू. मी या गोष्टी मानते की नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी माझं वाक्य मी तयार ठेवलं होतं. घाटाच्या पायऱ्या उतरतानाच जुळवलं होतं. जहाजाचं पान चुकणार नाही.

आम्ही चार पावलं मागे होतो न होतो तोच कावळा आला आणि शिवलाही. बायकांनी हात जोडले. दत्ता भाऊजी माझ्या मागे उभे होते, ते हळू आवाजात म्हणाले, "चीफनं कुनाला कवा थांबवून ठेवलं न्हाई." सगळे समाधानाने परतले. मला बोलायची वेळच आली नाही. दिलेला शब्द पाळता येतो. न दिलेल्या शब्दाचं काय करायचं ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि आता दत्ता भाऊजींचा तो फोन. "वैनी, यंदा म्हाळ हाय का? पोरं इचारत्यात." पोरं म्हणजे सगळे सत्तरीचे.

मी बापूंना बोलावलं. आता घरात मोठे तेच. ते डोक्यावरची टोपी गुडघ्यावर ठेवून बसले आणि त्यांनी मला समजावून सांगितलं की यंदा काही होणार नाही. घरातलं माणूस गेलं की वर्ष सरेपर्यंत घरात म्हाळ घालत नाहीत, तशी आपल्या घराची रीत आहे. आधी दादाचं वर्षश्राद्ध होऊ दे, मग पुढचं पुढे. त्यांचं बोलणं मायेचं होतं. तुमच्यामागे ते माझ्याशी फार जपून बोलतात, तेच मला सहन होत नाही. मी होय म्हणाले. ते उठून अंगणापर्यंत गेले.

आता ओसरीवर बसणारे ते सगळे सत्तरीचे. एक वर्ष खंड पडला तर पुढच्या वर्षी किती येतील? आणि एकदा मोडलेलं पुन्हा कोण सुरू करणार? मुलगा परदेशात. बापूंनी त्यांच्या ट्रकला चहा पिऊन निरोप दिलेला. हे सगळं माझ्या मनात चाललं होतं, आणि मग मला एकदम आपला वाद आठवला. मी बापूंना हाक मारली.

"बापू, वर्षभर म्हाळ नाही, तो कुणाचा?"

"पितरांचा."

"आणि पितर कुणाचे?"

"आपल्या कुळाचं. आनि कुनाचं?"

"मग जहाज आपल्या कुळातलं आहे का?"

बापू अंगणात उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, मग गच्चीकडे.

"तुमीच म्हनत हुता न्हाई म्हनून," ते म्हणाले. "दर वरसाला."

"आजही तेच म्हणते. कुळातलं नाही. म्हणून त्याला कुळाची रीत लागत नाही."

त्यांनी टोपी घातली, पुन्हा काढली. हसू आलं होतं, ते त्यांना या दिवसांत बरं वाटेना.

"वैनी," ते म्हणाले, "मग ह्यात दादा जिकला म्हनायचा का हरला?"

ते तुम्ही ठरवा. तुम्ही असतात तर ऐकू आलं नाही असंच केलं असतंत.

माझं मत मी बदललेलं नाही, हे तुम्हाला स्पष्ट सांगते. पोलाद वितळवून पंप करायला हवे होते. जहाजाला आत्मा नसतो. पण अमावास्येला पाच म्हातारी माणसं आपल्या ओसरीवर बसून मोठ्याने बोलतात, आणि त्यांना दुसरी ओसरी नाही, हे मला दिसतं. ते जिवंत आहेत तोवर, आणि मी आहे तोवर, पान मांडलं जाईल. घाटावर म्हणायचं राहिलेलं वाक्य ते हेच.

आत्ताच दत्ता भाऊजींना फोन करून कळवलं. ते म्हणाले, "वैनी, बेदाना मी आनतो. खिरीला."

सई, नील, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जहाज समुद्राच्या तळाशी आहे. आजोबाही कृष्णेतून समुद्राकडेच गेले, पण कृष्णा पूर्वेला जाते आणि जहाज पश्चिमेला बुडालं, तेव्हा त्यांची गाठ पडली असेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. बॉयलर नाही, क्षेपणास्त्रं नाहीत, झेंडा कुणाकडे आहे मला माहीत नाही. पितळी चाक कुंडलला गच्चीवरच्या टाकीला आहे. आज सकाळी मी ते पूर्ण उघडलं, थोडं मागे घेतलं, आणि पाणी आलं.